पिवळी चौकट

"रेषा दाबून वाकत न्हाई मामी, तिला लांबून वढावं लागतं," असं राजेश्री एकदा सासूला म्हणाली होती. मनकर्णाबाई तेव्हा बकऱ्यांना पाला टाकत होत्या. मागं वळून न बघताच त्या म्हणाल्या, "म्हंजी बकरीवानीच की. मग त्याला पैसे भरून शिकायचं काय हाय?"

वालूरच्या त्या दोन खोल्यांत दोघीच राहतात. रामप्रसाद, म्हणजे मनकर्णाबाईंचा मुलगा आणि राजेश्रीचा नवरा, मेंढरं घेऊन रस्ता ओलांडताना टिपर ट्रकखाली गेला. नंतर मेंढरं विकली. थोड्या बकऱ्या राहिल्या आणि भिंतीवर एक फोटो राहिला.

तो फोटो एका दुकानात करून आणलेला. मोबाइलमधला चेहरा कापून दुसऱ्याच कुणाच्या निळ्या कोटावर बसवलेला. रामप्रसादनं जन्मात कोट घातला नव्हता, पण राजेश्रीला कोट खुपला नाही. कापणाऱ्यानं घाईत डावा कान अर्धा उडवला होता, तो खुपला. ती तक्रार घेऊन गेली तेव्हा कॉम्प्युटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, गेलेल्या माणसाचा कान कोण बघतंय?" ती माउसवर त्याचा हात कसा फिरतो ते बघत उभी राहिली.

मग भावाचा जुना लॅपटॉप आला, आणि पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचा ऑनलाइन कोर्स. रेषांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. एक टिंब ठेवायचं, त्याला फुटलेली दांडी धरून ओढायची, म्हणजे रेषा वळते. चित्र भिंतीएवढं केलं तरी कड फाटत नाही. सुरुवातीला तिनं कानच काढला. वरून गोल येणारा, पाळीशी चिमटल्यासारखा. काढायचा, पुसायचा. शिकवणाऱ्या बाईंनी लिहून पाठवलं, आता दुसरं काहीतरी काढा. तेव्हा ती फुलांकडं वळली, वेलींकडं वळली, आणि एक दिवस परभणीला लग्नपत्रिका छापणाऱ्या चंद्रभानशेठांना चित्रं दाखवून आली.

"हात बरा हाय तुमचा," शेठ म्हणाले. "पण माझ्याकडं अजून एक जण येऊन बसलाय, त्याच्याजवळ कागद हाय. तुमी परीक्षा झाल्याबरोबर सर्टिफिकेट पाठवा, खुर्ची तुमची. न्हाईतर त्याची."

घरी येऊन तिनं सांगितलं, "रोज जाऊन येईन मामी."

"रोज," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग आठवड्याला. मग दिवाळीला. मला समदं कळतंय."

परीक्षा घरूनच द्यायची होती, पण कॅमेऱ्यासमोर. पलीकडं माणूस नव्हता, यंत्र बघणार होतं; ऐकणार नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नको. उठायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, मान वळवायची नाही. तीन इशारे झाले की परीक्षा बंद, आणि पुन्हा बसायला पुढचा महिना. पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवर दुसरा बसलेला असणार.

परीक्षा सुरू होण्याआधीच यंत्र म्हणालं, उजेड कमी आहे. राजेश्रीनं उठून खिडकी उघडली, परत बसली आणि सुरू केलं. नमुन्याची सुरई दिली होती. तशीच सुरई काढायची, कमीत कमी टिंबांत. तिनं तळ काढला, पोट काढलं. गळ्याशी आली तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी आली. खोलीत दुसरी व्यक्ती आहे. पहिला इशारा.

मामी आल्या असतील असं तिला वाटलं. पण दाराकडं बघता येत नव्हतं. तिनं कान दिला. बाहेर बकऱ्यांच्या तोंडात पाला मोडत होता, आत कुणी नव्हतं. ती पुन्हा गळ्याकडं वळली. लाल पट्टी पुन्हा आली. दुसरा इशारा.

तेव्हा तिनं पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं तिचंच छोटं चित्र दिसत होतं आणि तिच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट होती. तिच्या खांद्यामागं, भिंतीवर, आणखी एक पिवळी चौकट होती. खिडकीतला उजेड फोटोवर पडला होता. रामप्रसाद त्या चौकटीत बसला होता. निळा कोट, अर्धा कान, आणि यंत्रानं त्याला माणसांत धरलं होतं.

उठून फोटो काढावा, तर उठणं हाच तिसरा इशारा. तिनं मान हळूच डावीकडं कलती केली. तिचं डोकं त्याच्या चेहऱ्यावर आलं. चौकट विझली.

मग ती तशीच काढत राहिली. नवऱ्याला डोक्याआड धरून. मानेची शीर ताठली, खांद्यातून कळ दंडात उतरली. सुरईचा गळा बिघडला. तिनं तो पुसून परत काढायला घेतला.

मनकर्णाबाई आत आल्या त्या दाराच्या बाजूनं. कॅमेऱ्यात न दिसण्याएवढ्या कडेला, टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"जेवलीस का?"

राजेश्रीनं गळ्याचं पुढचं टिंब ठेवलं.

"राजे, तुला म्हणायलेय मी."

गप्प.

"आता बोलणंबी बंद का? परभणी अजून आली न्हाई, तवर ही तऱ्हा! आनि मान का वाकडी केलीस? लकवा भरला काय?"

राजेश्रीनं ओठ दाबून धरले. कळ असह्य झाली आणि मान निमिषभर सरळ झाली. पडद्यावर, फोटोभोवती चौकट पेटली. तिनं मान परत झुकवली. लाल पट्टी आली नाही.

मनकर्णाबाईंनी मात्र बघितलं होतं.

"थांब," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "ते काय दिसलं? तुझ्या तोंडाला हाय तशी चौकट त्याच्या तोंडाला लागली. कॅलेंडरला न्हाई लागली, घागरीला न्हाई लागली. त्यालाच लागली." त्या कडेनंच पडद्याकडं वाकल्या. "ह्याला दिसतो व्हय गं माझा रामप्रसाद?"

राजेश्रीचा हात थांबला.

"सरक जरा. बघू दे."

ती सरकली नाही.

"सरक की गं. लोक त्याला गेला म्हणायलेत. हे एकटंच हाय म्हणायलंय. एकदा बघू दे मला."

उत्तर येईना तसा त्यांनी हात लांबवला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. पाल्याचा वास असलेला, खरबरीत हात. यंत्र चेहरे शोधत होतं, हाताला चौकट लागली नाही. रामप्रसादला आणलं त्या दिवशी याच हातानं तिचा पदर सावरला होता. आता तो तिचं डोकं बाजूला लोटत होता. जोरानं नाही. पण लोटत होता.

एवढं सरकलं तर काय जाईल हे राजेश्रीला माहीत होतं. न सरकलं तर काय जाईल हेही तिला आता कळत होतं. तिनं डाव्या हातानं टेबलाची कड धरली आणि मान दगडासारखी केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, यंत्राला त्याची हरकत नव्हती. उजव्या हातानं तिनं गळ्याची शेवटची दांडी धरली, ओढली, सोडली. रेषा बसली.

डोक्यावरचा हात निघाला. मनकर्णाबाई उंबऱ्यात जाऊन पाठमोऱ्या बसल्या.

राजेश्रीनं चित्र पाठवलं. वर्तुळ फिरत राहिलं. मग पडद्यावर अक्षरं आली, उत्तीर्ण. तिनं प्रमाणपत्र मोबाइलवर घेतलं आणि चंद्रभानशेठांना पाठवून दिलं. थोड्या वेळानं त्यांचं उत्तर आलं, या आजच, काम दाखवतो.

"एकदा दाखवला असतास तर तुझं काय गेलं असतं?" मनकर्णाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "तुझ्याआधी माझा होता तो."

परीक्षा संपली होती, पण कॅमेरा अजून चालू होता. पान बंद केलं की तो बंद होणार होता. राजेश्रीचं बोट बटणावर होतं. तिनं ते उचललं आणि खुर्चीवरून उठली. सासूजवळ जाऊन तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं, खुर्चीपाशी आणलं, बसवलं.

पडद्यावर पिवळी चौकट सुरकुतलेल्या चेहऱ्याला लागली. मनकर्णाबाई दचकल्या. मग जरा बाजूला झाल्या, आणि खांद्यामागं दुसरी चौकट पेटली.

"आला," त्या पुटपुटल्या. "आला बघ."

राजेश्रीनं खुंटीची पिशवी घेतली, चपला पायांत सरकवल्या आणि परभणीला जायला बाहेर पडली.