मॉलमधला बस्ता

माझ्या लग्नाचा बस्ता जिथं झाला, तिथं आता दातांचा दवाखाना आहे. परवा दाढ दाखवायला गेले आणि खुर्चीत आडवं पडल्या पडल्या मला छत ओळखीचं वाटलं. तोंडात कापूस कोंबलेला, त्यामुळे डॉक्टरीणबाईंना सांगता येईना की तुमच्या या खुर्चीच्या जागी एकदा सतरंजी होती आणि तिच्यावर लासूर स्टेशनची अर्धी भावकी मांडी घालून बसली होती. सांगितलं असतं तरी त्यांना वाटलं असतं, भूल जरा जास्तच झाली.

जालना रोडवरच्या या मॉलला मी त्याच्या जन्माआधीपासून ओळखते. माझ्या लहानपणी तिथं एक बंद पडलेला कारखाना होता. आत बाभळी माजलेल्या आणि भिंतीवर ‘येथे लघवी करू नये’ असं लिहिलेलं. ते वाचायला लोक फारच जवळ जायचे. मग एक दिवस भोवती पत्रे लागले आणि पत्र्यांवर खरेदीच्या पिशव्या घेऊन हसणाऱ्या बायकांची चित्रं आली. बांधकाम इतकं रेंगाळलं की त्या बायका उन्हानं रंग उडून निळ्या पडल्या, पण हसायच्या थांबल्या नाहीत. माझे वडील सरकारी कार्यालयात कारकून. ते म्हणायचे, ‘‘बावन्न दरवाजांचं शहर आपलं. आता हा त्रेपन्नावा कशाला?’’ मॉल उघडला त्या आठवड्यात तो त्रेपन्नावा दरवाजा त्यांच्यासमोर आपोआप सरकला. वडील आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. तिसऱ्या वेळी आईनं त्यांचा दंड धरला.

पहिल्या उन्हाळ्यात सगळं शहर तिथं होतं आणि विकत कोणीच काही घेत नव्हतं. दुपारी रस्त्यावर डांबर मऊ पडायचं तेव्हा लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन सहकुटुंब गारव्याला यायचे. पॉपकॉर्नचा भाव विचारायचा, हट्ट करणाऱ्या पोराला एक चिमटा काढायचा आणि खाली यायचं. सरकत्या जिन्यापाशी एक वॉचमन नुसता ‘पाय उचला, पाय उचला’ म्हणायला ठेवलेला. बायका निऱ्या वर खोचून, एकमेकींचे हात धरून, नदीत उतरल्यासारख्या त्या जिन्यात उतरायच्या. पुढं पुढं दुकानं गळायला लागली. आधी पुस्तकांचं गेलं, मग खेळण्यांचं, मग ज्याचं नाव कोणालाच उच्चारता येत नव्हतं ते. त्यांच्या जागी नीट परीक्षेचे क्लास आले, चष्म्याचं दुकान आलं, दात आले. सरकता जिना एकदा बंद पडला तो पडलाच, आणि खरं सांगते, लोकांना हायसं वाटलं. साधा जिना सगळ्यांना चढता येतो.

आमचा बस्ता झाला तेव्हा मात्र मॉल भरात होता.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. आलेला माल मोजून, जुळवून घेणं आणि जागच्या जागी लावणं हे माझं काम. ट्रक ड्रायव्हरांशी बोलून बोलून माझा आवाज जरा मोठा झाला होता, असं आई म्हणायची. मला तो बरोबर वाटायचा. मुलगा चांगला होता, वाळूजला नोकरीला, लासूर स्टेशनचा. पाहायला आले तेव्हाच मी सांगून टाकलं, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. मुलगा म्हणाला, ‘‘आत्या म्हणेल तसं.’’ हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. पण त्याचं डोकं कसं शांत राहिलं, हेही मी पाहिलं होतं.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. मुलाची आई तो लहान असताना गेली, तेव्हापासून याच बाईनं लासूरच्या बाजारात कांदे-बटाटे विकून घर चालवलेलं. तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. नोकरीबद्दल तिचं म्हणणं साधं होतं. ‘‘म्या उभा जन्म उन्हात काढला. आता सून तरी सावलीत बसू द्या की.’’ म्हणजे ती मला छळणार नव्हती, सुखात ठेवणार होती. माझी पंचाईत तिथंच होती, कारण छळणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. शेवटचं उत्तर तिनं राखून ठेवलं होतं. ‘‘बस्त्याच्या दिवशी बघू,’’ एवढंच म्हणाली.

आणि बस्ता कुठं, तर तिनंच सांगितलं, मॉलमध्ये. लासुरात कोणाच्या तरी लग्नाचा बस्ता म्हणे जळगावच्या मोठ्या दुकानात झाला होता, तर आपला त्याहून मोठ्या दुकानात झाला पाहिजे. आमचा बस्ता म्हणजे गादीवर बसायचं, दुकानदारानं चहा पाजायचा, ठाणांमागून ठाणं उलगडायची, मानाच्या साड्यांवरून दोन रुसवे-फुगवे व्हायचे आणि भावावरून तासभर झोंबाझोंबी. मॉलमध्ये यातलं काय मिळणार? पण नाही म्हणायची सोय नव्हती. वडील मला म्हणाले, ‘‘खरेदी झाली की जेवताना मी नोकरीचं हळूच काढतो. तोवर तू तोंड उघडू नकोस. खाली मान घालून बस.’’

मी कबूल केलं. माझ्या दृष्टीनं त्या दिवशी साड्या दुय्यम होत्या.

लासूरकर दोन क्रूझर भरून आले, आमच्याकडचे पिशोरचे काका-मामा टेम्पोतून. सगळी वरात लिफ्टनं वर, साड्यांच्या शोरूमपाशी आली आणि काचेच्या दारात सगळ्यांनी चपला काढल्या. गादीच्या दुकानात चढताना चपला बाहेर, हे आमच्या माणसांना सांगावं लागत नाही. मीही काढल्या. नको म्हणावं, असं माझ्याही मनात आलं नाही. दारात चांगला गुडघाभर ढीग झाला.

आत गादी नव्हती. आत्यांनी चारी बाजूंना पाहिलं. ‘‘बसायचं कुठं?’’

विक्रेती मुलगी म्हणाली, ‘‘मॅम, आप खुद देख लीजिए, सेल्फ सर्व्हिस है.’’

‘‘आमीच बघायचं? मंग तू कामून हायेस?’’

टेम्पोतली सतरंजी वर आणवली गेली आणि शोरूमच्या मधोमध अंथरली. मंडळी बसली. ती मुलगी बिचारी थोडा वेळ उभी राहिली, मग तीही बसली आणि साड्या उलगडायला लागली. माणूस एकदा मांडी घालून बसलं की त्याचं इंग्रजी उतरतं. अर्ध्या तासात कळलं, ती गंगापूरची आहे आणि आत्यांकडून तिच्या आईनं कांदे घेतलेत.

‘‘नवरीची साडी दाखव आता,’’ आत्या म्हणाल्या. तिनं लालभडक शालू काढला.

‘‘लाल नाय, पांढरी. आमच्यात पांढरीच असती. चांगली रेशमाची काढ.’’

पांढरं रेशीम तिनं ऑफिसला नेसायच्या साड्यांच्या कोपऱ्यातून शोधून आणलं. त्यावर चंदेरी बारीक काठ होता आणि मला ती साडी पाहताक्षणी आवडली. मान खाली घालून बसले होते, त्यामुळे आवडल्याचं मी साडीलाच सांगितलं.

आता भाव. आत्यांनी चिठ्ठीवरचा आकडा ऐकला आणि स्वतःचा सांगितला. मुलगी म्हणाली, ‘‘आत्या, भाव छापलेला आहे. कमी होत नाही.’’

‘‘छापलाय तर छापलाय. छापणाऱ्याला बोलीव.’’

छापणारा काही आला नाही. तेव्हा आत्यांनी बाजारातला हुकमी डाव टाकला. साडी खाली ठेवली, ‘‘ऱ्हाऊ दे मंग’’ म्हणाल्या आणि उठून दाराकडे चालू लागल्या. कुठल्याही दुकानात अशा वेळी मागून हाक येते. आत्या सावकाश चालल्या, हाकेला वेळ मिळावा म्हणून पदरही सारखा केला. हाक आली नाही. आपोआप उघडणारं दार तेवढं आदबीनं उघडलं. आत्या बाहेर पडल्या आणि तिथंच थांबल्या.

चपला नव्हत्या. ढीगच्या ढीग गायब.

झालं होतं असं, आणि हे मला नंतर दारावरच्या वॉचमननं सांगितलं. एक टायवाले गृहस्थ आले, ढीग पाहून थबकले, बूट काढून मोजे त्यात कोंबले आणि शेजारच्या घड्याळांच्या दुकानात अनवाणी गेले. त्यांचं पाहून आणखी दोघं. मग कॉलेजच्या पोरी. तासाभरात त्या मजल्यावरच्या सगळ्या दुकानांपुढं चपला लागल्या. वॉचमनला वाटलं आत कसली तरी पूजा आहे, म्हणून त्यानंही बूट काढले. त्याच दिवशी मॉलच्या मालकांचा कोणी मोठा साहेब पाहणीला यायचा होता. सफाईच्या सुपरवायझरनं ते दृश्य पाहिलं, कपाळाला हात लावला आणि सगळ्या चपला कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून तळघरात पाठवून दिल्या. वॉचमनच्या बुटांसकट.

रागानं निघून जायलासुद्धा पायात काहीतरी लागतं. आत्या गार फरशीवर अनवाणी उभ्या होत्या आणि सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

‘‘हे तुमचं शहर,’’ त्या वडिलांना म्हणाल्या. ‘‘पायातलं बी ऱ्हाऊ देत नाय. अन् ह्या शहरात पोरीला रोज कामाला धाडायचं म्हनता?’’

वडिलांनी जेवताना हळूच काढायचा विषय जेवणाआधीच निकालात निघाला होता. माझे डोळे भरून आले, पण मान खाली होती म्हणून कोणाला दिसलं नाही. मनात म्हटलं, गेली नोकरी. चपलांपायी गेली.

तेवढ्यात माइकवर पुकारा झाला, ज्यांच्या चपला असतील त्यांनी तळघरातून घेऊन जाव्यात. मालाच्या लिफ्टमधून आम्ही सगळे अनवाणी खाली गेलो. तिथं सुपरवायझरनं पिशव्या रिकाम्या केल्या होत्या, सगळ्या एकाच ढिगावर. ‘‘अपनी अपनी लेलो,’’ तो म्हणाला आणि बाजूला झाला. लोक तुटून पडले. एकाच्या हातात दोन डाव्या, दुसऱ्याच्या पायात बायकोची एक आणि परक्या बाईची एक. मुलाच्या काकांनी आणि त्या टायवाल्यांनी एकच बूट दोन्हीकडून धरलेला.

मी वडिलांना दिलेला शब्द पाळणार होते, अगदी मनापासून. पण विस्कटलेला माल समोर आणि लोक त्यात हात घालतायत, हे मला बघवतच नाही.

‘‘थांबा!’’ मी ओरडले. ‘‘कोणी हात लावायचा नाही!’’

तळघर होतं, आवाज चांगलाच घुमला. सगळे थांबले. मग मी थांबलेच नाही. बायकांच्या चपला या भिंतीला, पुरुषांच्या त्या भिंतीला, पोरांच्या मध्ये. आधी जोड लावायचे, मग वाटायचे. सुपरवायझरला म्हटलं, ‘‘पिशव्या तुम्ही भरल्या ना? मग जोड तुम्हीच लावायचे. चला, बसा खाली.’’ तो बसला. बाकीच्यांना रांगेत उभं केलं. आपली कशी आहे ते आधी तोंडानं सांगायचं, मग पाय घालून दाखवायचा, मगच न्यायची. मुलाचे काका पुढं घुसायला लागले. त्यांना आयुष्यात कोणी रांगेत उभं केलं नसावं. म्हटलं, ‘‘काका, मागं.’’ ते मागं गेले. आईनं येऊन मला चिमटा काढला, ‘‘अगं, नवरी आहेस तू!’’ मी म्हटलं, ‘‘आई, तूही रांगेत.’’ होणारा नवरा न सांगताच रांगेत उभा होता, सगळ्यात शेवटी. त्याच्याबद्दल मला त्या क्षणी पहिल्यांदा बरं वाटलं.

ढीग संपला. टायवाले बूट घालून गेले, कॉलेजच्या पोरी गेल्या, वॉचमनलाही त्याचे बूट मिळाले. मग मी भानावर आले. केस सुटलेले, हात काळे, आवाज बसलेला. समोर उलट्या ठेवलेल्या क्रेटवर आत्या बसल्या होत्या, एक चप्पल मांडीवर घेऊन. तिची जोडीदारीण काही सापडली नव्हती. म्हणजे सगळ्या तळघरात उपाशी राहिलं कोण, तर वराची आत्या. वडील भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते.

‘‘कारखान्यात बी अशीच करती का गं?’’ आत्यांनी विचारलं.

आता लपवून काय उपयोग होता? ‘‘हो,’’ म्हटलं.

‘‘रोज?’’

‘‘रोज.’’

आत्या भाच्याकडे वळल्या. ‘‘ऐक रे. हिला घरी बसवू नको. ही घरात बसली तं समद्यायला रांगंत उभी करील. मला बी करील. जाऊ दे हिला रोज शेंद्र्याला. तिथल्या लोकायला सवय हाय.’’

आधी काका हसले, मग सगळंच तळघर हसायला लागलं. मीही हसले. आणि हसता हसता मला असं रडू फुटलं की आवरेना. महिनाभर छातीवर धरलेलं ओझं एकदम सुटलं होतं. आत्या अनवाणी तशाच उठून आल्या आणि त्यांनी माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

सुपरवायझर मात्र घाबरला. रिकाम्या पिशव्या पुन्हा एकेक करून झटकत तो लांबूनच म्हणाला, ‘‘मॅडम, रोओ नक्को. दूसरी बी मिल जाती.’’