गालातला खडा

संघप्रियाचे हात एका जागी राहिले तर तिला ताप आलाय असं समजावं, असं तिचा नवरा नवनाथ म्हणायचा. त्यात फारसं खोटं नव्हतं. सोलापुरातल्या एका खासगी लॅबमध्ये ती दिवसभर लोकांच्या हातांच्या शिरा शोधायची आणि रक्त काढायची. तिथं तिच्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण तिथं सुई एकदाच टोचायची असते. बाहेर काढून पुन्हा जरा डावीकडून टोचून बघू म्हटलं, तर पेशंट हात काढून घेतो. घरी ती दागिन्यांत खडे बसवायची, आणि खडे काही हात काढून घेत नाहीत. सगळा घोळ तिथंच होता.

हा नाद तिला लागला तो स्वतःच्याच कानातल्या रिंगेतून लाल खडा निखळला तेव्हा. दुरुस्तीला कोण जाणार, म्हणून तिनेच चिमट्याने तो परत बसवला आणि त्या संध्याकाळी तिला म्हणे भूकच लागली नाही. मग मोबाइलवर व्हिडिओ बघणं आलं, चांदीची तार आली, लहानशी गॅसबत्ती आली, कानशी आल्या. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिने असा काही गिळला, की नवनाथ ताट मांडीवर घेऊन जेवायला शिकला.

काम तिचं सुंदर होतं, पण ते संपायचं नाही. खडा बसला की ती तो खिडकीशी नेऊन बघायची, भुवई वर जायची, की समजावं आता हा सुटणार. केसभर कललाय, एका बाजूने जास्त दाबलाय, काहीतरी निघायचंच. पुन्हा तारा उचकायच्या, पुन्हा बसवायचा. शेजारच्या वैजयंतीकाकूंनी दिवाळीसाठी दिलेल्या कुड्या त्यांना संक्रांतीला मिळाल्या, त्याही काकू स्वतः येऊन टेबलावरून उचलून घेऊन गेल्या म्हणून. लहानपणी आई तिला चुळबुळी म्हणायची. गावाकडच्या बायका माणूस बरोबर ओळखतात.

तर त्या आईनेच, म्हणजे पारूबाईने, एक दिवस सोलापुरात येऊन तिच्या हातात आपला खडा ठेवला.

पारूबाई राहायची सांगोल्याच्या बाजूला, गावात, एकटी. तिचा खडा सगळ्या भावकीला ऐकून माहीत होता, बघितला होता फार थोड्यांनी. बोराएवढा, फिकट हिरवट, कोवळ्या कैरीच्या फोडीसारखा. बहात्तरच्या दुष्काळात ती आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, तेव्हा पोरसवदाच होती. एक काळा धोंडा फुटला तो आतून पोकळ निघाला, आणि त्या पोकळीत हा बसलेला. असं काही निघालं की मुकादम हरिबा ते काढून घ्यायचा, साहेबांच्या टेबलावर ठेवायला. पारूबाईने इकडंतिकडं बघितलं आणि खडा गालात टाकला. मग दिवसभर तोंड म्हणून उघडलं नाही. हरिबाने हजेरी घेताना नाव विचारलं, तर नुसती मान डोलावली. पोरीची दाढ सुजलीय असं समजून त्याने तिला सावलीला बसायला सांगितलं, आणि या बाईंनी मिळालेली सावलीही सोडली नाही. पारूबाई हे सांगायला लागली की शेवटी ठरलेलं वाक्य असायचं: "माज्या हातनं फुटल्याल्या समद्या दगडाचा रस्ता झाला. ह्यो येवढा एकच माजा राह्यला."

तेव्हापासून तो चिंधीत बांधून तिच्या कनवटीला असायचा. आता बोटं वाकडी झाली होती. गाठ मारता येत नव्हती, सुटता सुटत नव्हती.

"गळ्यात घालाय कर की," ती म्हणाली. "भीमजयंतीला येते, तवा घालीन. चालंल न्हवं?"

न चालायला काय झालं! संघप्रियाला आनंद इतका झाला, की चहात तिने दोनदा साखर टाकली.

तिने चांदीच्या तारेची चार बोटं केली, मागे साखळीसाठी कडी जोडली, खडा मधे ठेवून बोटं वरून वळवली. पहिल्याच दमात खडा बसला. नवनाथ म्हणाला, "झालं की!" आणि खरोखर झालं होतं. साखळीत ओवायचा आणि डबीत ठेवून द्यायचा, एवढंच राहिलं होतं.

ती खिडकीशी गेली. भुवई वर गेली.

खडा डावीकडे कलला होता. कितीसा? तर नवनाथला चष्मा घालूनही दिसला नाही इतका. तिने बोटं उचकली. दुसऱ्यांदा सरळ बसला, पण एक बोट जाड वाटायला लागलं. पुन्हा काढला, तार घासली. मग दोन बोटांमधलं अंतर खुपायला लागलं. दरम्यान आईचा फोन यायचा, "झालं का गं?" आणि ही म्हणायची, "होतंय." शेवटी वाकवून वाकवून एक बोट मुळाशी तुटलंच. तिने नवी तार जोडली. नवी तार ताठ, सहज वळेना. तिने अंगठ्याने जोर लावला.

टिक् असा बारीकसा आवाज झाला. बर्फीची वडी सुरीने कापावी तसा खडा दोन तुकडे होऊन तिच्या पुढ्यात पडला.

आई त्याला गार म्हणायची, म्हणून हिनेही तो गारगोटीसारखा टणक धरला होता. तो तसा नव्हता. काळ्या दगडाच्या पोकळीत मिळणारी ही मऊ जात, पदरापदराने सुटणारी, हे तिला मागाहून मोबाइलवर वाचायला मिळालं. आधी वाचलं असतं तर, असं म्हणायलाही तोंड नव्हतं. पहिल्यांदा बसला तेव्हा तो अखंडच होता की. हिच्या हातांनी त्याला सुखाने बसू दिलं नाही, एवढीच गोष्ट होती.

"चिकटवून टाक की," नवनाथ म्हणाला. तिने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली, की घरात दूध असूनही तो दूध आणायला निघून गेला.

पुढचे दिवस तिला घर खायला उठलं. बसली की उठायची, उठली की कशासाठी उठले ते विसरायची. धुतलेली भांडी तिने पुन्हा धुतली. लॅबमध्ये एका म्हातारीला दोनदा सुई टोचावी लागली. म्हातारी चिडली नाही, उलट "व्हतंय बाय" म्हणून हिच्याच पाठीवरून हात फिरवून गेली. संघप्रिया आतल्या खोलीत जाऊन रडली. फोन वाजला की ती तो उशीखाली सरकवायची. आईला सांगून टाक, असं नवनाथ एकदा म्हणाला, तर ती त्याच्यावरच उखडली, "मग तुम्हीच सांगा ना!" जावई बिचारा पुन्हा दूध आणायला निघाला.

सांगायचं धाडस होईना म्हणून तिने मोबाइलवर तसाच खडा शोधला. तसल्याच रंगाचा, तेवढ्याच आकाराचा, उलट जास्त पाणीदार. कुरिअरने आला. तो तिने एका बैठकीत बसवला. तार तुटली नाही, ती खिडकीशीसुद्धा गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काम एका झटक्यात पुरं झालं आणि तिला त्याच्याकडे बघवेना.

जयंतीच्या आदल्या दिवशी पारूबाई एसटीने आली. पिशवीत पांढरं नवं लुगडं होतं, लेकीसाठी शेंगाची चटणी होती. उन्हाने चेहरा करपलेला, पण डोळ्यांत उत्साह मावत नव्हता. पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "दाव की."

संघप्रियाने साखळी तिच्या गळ्यात घातली. पारूबाईने आरशात बघितलं, बोटाने चाचपलं. एका डोळ्याने तिला कमीच दिसायचं.

"लई देखना झालाय," ती म्हणाली. नवनाथने हुश्श केलं. संघप्रिया भाकऱ्या थापायला पळाली. पहिल्या दोन तव्यावर करपल्या.

जेवणं झाली. पारूबाई भिंतीला टेकून बसली होती. बसल्या बसल्या तिने गळ्यातला खडा उचलला आणि कुणाला काही कळायच्या आत तोंडात टाकला. चांदीची साखळी ओठांतून दोन्हीकडे लोंबत होती. नवनाथला हसू आलं, त्याने ते दाबलं. पारूबाई गाल फुगवून समोर बघत राहिली. खडा या गालातून त्या गालात गेला. संघप्रिया ताटं तशीच हातात धरून उभी होती.

मग पारूबाईने खडा बाहेर काढला, पदराने पुसला, साखळी डोक्यावरून काढून लेकीपुढे धरली.

"चांगला बशिवलायस," ती म्हणाली. "आता माजा कुटं हाय, त्यो दे."

संघप्रियाने ताटं खाली ठेवली. कापूस घातलेली डबी आणली आणि उघडून आईच्या मांडीवर ठेवली.

"फुटला, आय. मीच फोडला. चांगला बसला होता, मीच पुन्हा पुन्हा काढला."

पारूबाईने एक तुकडा उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.  डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते आणि आवाज चढलेला होता.

"फुटल्याचं काय न्हाय गं. दगड फुटत्यात. जलम गेला माजा दगडं फोडन्यात. पर मला सांगायचं न्हाय व्हय? दुसऱ्याचा खडा गळ्यात घालून मला मिरवाय लावत व्हतीस? त्या हरिबाला म्या फशिवलं, आन् आता तू मला फशिवतीस?"

 संघप्रिया आईच्या पायाशी बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. पारूबाईने तिला जवळ घेतलं नाही. तिचा राग खरा होता आणि तो तिने लगेच आवरायचा प्रयत्नही केला नाही. नवनाथने चहा ठेवला. चहा दोघींनीही घेतला.

कप रिकामा करून पारूबाई म्हणाली, "सुईदोरा हाय का?"

जुन्या पांढऱ्या पोलक्याची चिंधी निघाली. दोन्ही तुकडे आत घालून संघप्रियाने बोटभर पिशवी शिवली, तोंड टाके घालून बंद केलं, काळा दोरा ओवला. शिवून झाली तेव्हा तिला दिसलं, कडेचा टाका तिरका गेला होता. चांगलाच तिरका. तिने सुई खुपसून तो उसवायला घेतला, तेवढ्यात आईने तिच्या मनगटाला धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"वाकडा गेलाय, आय."

"जाऊ दे की वाकडा. सुटला न्हाय म्हंजे झालं."

साखळीतला तो पाणीदार खडा पारूबाईने लेकीच्याच गळ्यात घातला. बक्षीस म्हणून नव्हे. तिथंच राहू दे आणि दिसू दे तुला रोज, असं म्हणून घातला.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निळा गुलाल उडत होता, ढोलांनी छाती हादरत होती. पारूबाई नव्या पांढऱ्या लुगड्यात ताठ चालत होती आणि तिच्या पोलक्यावर ती चिंधीची पिशवी लोंबत होती. ओळखीच्या बायका "जयभीम" घालून थांबत होत्या. "पारूबाय, गळ्यात काय ह्ये?" असं विचारत होत्या, आणि ती सांगत होती, माझा खडा, लेकीनं शिवून दिलाय. फुटल्याचं तिने एकीलाही सांगितलं नाही. शेजारून चालणाऱ्या संघप्रियाला एवढ्या गर्दीत, एवढ्या गुलालात फक्त तो तिरका टाका दिसत होता. दोन पावलं गेली की तिचा हात तिकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची. ओढणीचं टोक तिने बोटांना गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

पारूबाईने तिच्याकडे बघितलंही नाही. नुसता आपला वाकड्या बोटांचा हात तिच्यापुढे केला.

"धर," ती म्हणाली. "गर्दी लई हाय."