दत्तोपंत जेवायला बसतात

मी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सुया टोचल्या. पैलवानांना टोचल्या, हवालदारांना टोचल्या, एकदा तर बेड्या घातलेल्या दरोडेखोरालाही टोचली. पण दत्तोपंतांइतका भित्रा माणूस मला भेटला नाही. दर गुरुवारी सकाळी नऊला आमच्या ओट्यावर येऊन बसतात, सदरा वर करतात, डोळे गच्च मिटतात आणि अथर्वशीर्ष सुरू करतात. सुई ती काय, केसाएवढी. इंजेक्शनच्या पेनाच्या टोकाला लावायची, पोटाच्या चरबीत टेकवायची, बटण दाबून धरायचं, झालं. मी सुई काढून डब्यात टाकलेली असते तरी ह्यांचं चालूच. अहो पंत, झालं, उठा आता, असं दोनदा सांगावं लागतं. बरंय, भीतीपायी का होईना, देवाचं नाव तोंडी येतं.

हे इंजेक्शन वजन उतरवायचं. पंतांचं वय एकोणसत्तर, वजन एकशे अठरा, शुगर जुनी आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी वजन उतरवा, मग गुडघ्यांचं बघू. त्यांची मुलगी वल्लरी इंदूरलाच असते. तिनेच हे पेन सुरू करवलं, माझ्या फ्रीजमध्ये आणून ठेवलं आणि म्हणाली, मावशी, बाबा स्वतः टोचून घेणार नाहीत, तुम्हीच बघा. मी म्हटलं, ठेव. रिटायर झालेली नर्स म्हणजे गल्लीची फुकटची कंपाउंडर. देवासला टेकडीच्या पायथ्याशी आमची गल्ली आहे, तिथं मला जमुनाबाई म्हणणारे दोन-चारच. बाकी सगळ्यांची मी सिस्टर.

आता पंत कोण, तेही सांगते. एका शाळेत क्लार्क होते, पण क्लार्क म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. पंतांची ओळख म्हणजे त्यांचं जेवण. इथल्या मराठी घरांत श्राद्धाला ब्राह्मण जेवायला बसवायचा असला की पहिलं नाव त्यांचं. ब्राह्मण पोटभर जेवला की पितर जेवले, असं आपण मानतो, आणि पंत कसे जेवायचे, काय सांगू! घाई नाही, हावरटपणा नाही, पानात शीत उरत नसे. वाढणाऱ्या बाईचे हात दुखायचे पण जीव सुखावायचा. एका दिवसाला एकच घर हा त्यांचा नियम. त्यामुळे पितृपक्षातले सगळे दिवस महिनाभर आधीच बुक असायचे. धारला पहिल्या बसने जायचे, धरमपुरीहून तर लोक गाडी पाठवायचे. माणसाला कशाचा मान मिळावा याचा काही नेम नाही. पंतांना जेवण्याचा मिळाला आणि त्यांनी तो चाळीस वर्षं सांभाळला.

आमच्या घरी त्यांचं पान मांडलं गेलं, त्यालाही एक कारण आहे. आम्ही मराठे. सासऱ्यांचे वडील दरबारात होते, घराणं जुनं. श्राद्धाला भटजी यायचे, सगळं यथासांग करायचे आणि जेवायची वेळ झाली की शिधा घेऊन निघायचे. डाळ, तांदूळ, तूप, गूळ. कोणी वाईट बोलायचं नाही, पण आमच्या घरचं शिजवलेलं त्यांना चालत नव्हतं, हे मला काय कळत नव्हतं? सहा वर्षांपूर्वी आमचे हे गेले. पहिल्या श्राद्धाला मी शिध्याचं ताट भरून तयार ठेवलं होतं. विधी करायला पंत आले, त्यांनी ताटाकडे पाहिलंच नाही. पान कुठं मांडताय, एवढंच विचारलं आणि पाटावर बसले. गल्लीत कुजबुज झाली. पंत म्हणाले, माझ्या बायकोला शेवटचं पाणी ह्या बाईच्या हातून मिळालं, त्या हातचं मला चालतं. मग कोणाची टाप होती बोलायची!

त्या दिवशी त्यांनी चौदा वडे खाल्ले, आणि मी वाढत गेले. आता मनातलं बोलतेच. आमच्या ह्यांच्या किडन्या गेल्या होत्या. पाणी मोजून, मीठ नाही, डाळ नाही, सगळं माझ्या पहाऱ्यात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, जमे, एक उडदाचा वडा कर गं. मी म्हटलं, उद्याचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघू. सकाळी ते गेले. मी नर्स होते, मी बरोबरच केलं, असं कोणीही सांगेल. पण बायको म्हणून मी त्यांना उपाशी पाठवलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून दर वर्षी पंतांच्या पानात वडे ढकलत राहिले. माझी अक्कल बघा, नवऱ्याला एक दिला नाही आणि दुसऱ्याच्या शुगरवाल्या बापाला चौदा! पंत जेवत असले की तेवढा वेळ छातीवरचा धोंडा हलका व्हायचा. पान उचललं की पुन्हा होता तिथे.

तर आषाढात इंजेक्शन सुरू झालं. पहिला महिना बारीक डोस, मग थोडा वाढवला. सुरुवातीला मळमळ, आंबट ढेकर, पोट साफ होईना. मी ताक, मूग, पनीर सुरू केलं, कारण ह्या वयात नुसतं वजन उतरून चालत नाही, अंगातली ताकदही उतरते. दोन-अडीच महिन्यांत अकरा किलो गेले. पंतांची ओटा चढतानाची धाप कमी झाली. वल्लरी खुश, डॉक्टर खुश.

पंत मात्र कोणीतरी घरातून निघून गेल्यासारखे बसायचे. एका गुरुवारी मी विचारलंच. ते म्हणाले, सिस्टर, डोक्यात माझ्या सतत एक बाई बसलेली असायची. आता काय खायचं, मग काय खायचं, एवढंच विचारायची. सकाळी पोहे-जलेबी खाताना ती दुपारचं विचारायची. ती बोलायचीच थांबली. काल दुकानासमोरून आलो, कचोऱ्या तळत होते, आणि मला काही वाटलंच नाही. मी म्हटलं, छान झालं की. ते म्हणाले, छान आहे, पण घर फार शांत वाटतं.

मग पितृपक्ष आला. पहिलंच घर धारचं, दर वर्षीचं. पंत अर्ध्या पुरीवर थांबले. खीर तशीच राहिली. घरातली म्हातारी हात जोडून विचारू लागली की आमचं काही चुकलं का, पितर रुसले का. पंत काय सांगणार! पोटात इंजेक्शनचं औषध आहे हो, असं श्राद्धाच्या पानावर बसून सांगायचं? बातमी त्यांच्या बसच्या आधी देवासला पोचली. दोन दिवसांत तीन घरांतून फोन आले. सगळे फार गोड बोलले. पंत, यंदा तुम्हाला त्रास नको, तब्येत सांभाळा, आम्ही दुसरी सोय केली आहे.

त्या दिवशी ते वार नसताना माझ्याकडे आले आणि म्हणाले, हे पंधरा दिवस सुई बंद ठेवू. माझं डोकं फिरलं. मी चांगलं झाडलं. म्हटलं, डॉक्टरला न विचारता औषध थांबवायचं नाही. हे मध्येच सोडायचं, पुन्हा पहिल्यापासून धरायचं, परत मळमळ, परत ढेकर, हा काय पोरखेळ आहे? लोकांचे पितर जेवावेत म्हणून तुमच्या पोरीने बाप गमवायचा का? पंत खाली मान घालून ऐकून गेले.

मोठी शहाणी मी! माझ्या घरची तिथी होती दशमीची, शनिवारी. आणि त्याच्या आधी गुरुवार. टोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस भूक सगळ्यात जास्त मरते, हे मला नर्स म्हणून पक्कं माहीत. बुधवारी भाजी निवडताना मनात आलं की लाईट गेली होती, पेन खराब झालं, असं सांगितलं तर? एक आठवडा तर आहे. शनिवारी पंत दहा वडे तरी खातील. गुरुवारी सकाळी पेन हातात घेऊन मी फ्रीजसमोर उभी राहिले, आणि मला माझीच लाज वाटली. परवा ज्या माणसाला झाडलं, त्याच्याच पोटाचा सौदा करायला निघाले होते. बाहेर गेले, सुई लावली आणि टोचली. पंतांचं अथर्वशीर्ष त्या दिवशी मीच पूर्ण होऊ दिलं.

सदरा खाली करत ते म्हणाले, "जमुनाबाई, यंदा मला शिधा द्या."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. तुम्हीही शेवटी तेच निघालात, हेही बोलले. त्यांच्या मनात तसं नव्हतं, मला कळत होतं. माझ्या दारात धारसारखं होऊ नये, माझ्यासमोर पान अर्धं पडू नये, म्हणून बिचारे वाट शोधत होते. पण ती वाट नेमकी माझ्या दुखत्या जागेवरून जात होती. शेवटी मी म्हटलं, "पान मांडणार. नाही आलात तर ते तसंच राहील." पंत काठी टेकत निघून गेले.

शनिवारी मुलगा अर्पित इंदूरहून आला. हा हिंदी शाळेत शिकलेला, मराठी बोलतो पण वाचायचं म्हटलं की अडखळतो. त्याच्यासाठी पंतांनी दोन वर्षांपूर्वी सगळा क्रम मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलेला आहे. मी पहाटेपासून चुलीशी होते. खीर, पुरी, वडे, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी, सगळं केलं. बारा वाजले, साडेबारा वाजले. अर्पित दारात जाऊन दोनदा बघून आला. पावणेएकला पंत आले. धुतलेलं धोतर, कमरेला दोन जास्तीच्या निऱ्या. अर्पितकडून विधी करवून घेतला आणि पाटावर बसले.

मी वाढलं. दर वर्षीइतकंच वाढलं, हात ऐकेचना. पंतांनी खिरीचे दोन घास घेतले. भाजी चाखली. वडा मोडला, अर्धा सावकाश चावून खाल्ला, आणि हात थांबला. मी वड्यांचं ताट घेऊन वाकले. म्हटलं, एक घ्या. ते मान हलवत राहिले. अजून एक घ्या हो पंत, मी म्हटलं, आणि माझा आवाज दारात मागायला आलेल्या बाईसारखा झाला होता.

अर्पितने कागद बघून पुढची ओळ विचारली, "तृप्त झालात ना?"

ह्या प्रश्नाला पंतांचं उत्तर नेहमी तयार असायचं. या वेळी त्यांनी मोडलेला वडा पानात बाजूला सारला. मग माझ्याकडे बघून बोलले. "आम्ही सात भावंडं. आई सगळ्यांना विचारायची, पोट भरलं का रे? पातेलं रिकामं दिसत असायचं. मी हो म्हणायचो. तेव्हापासून कोणीही विचारलं की हो म्हणत आलोय. तुमच्याकडे चौदा वडे खाऊन हो म्हटलं, तेव्हाही मला भूक होती, जमुनाबाई. साठ वर्षं ह्या प्रश्नाला मी खोटं बोललो." मग अर्पितकडे वळून त्यांनी हात जोडले. "आज खरं सांगतो, तृप्त झालो."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. सहा वर्षांत पोटच्या पोरालाही बोलले नव्हते ते तोंडून निघालं. "पंत, मी ह्यांना एक वडा दिला नाही हो. उपाशी गेले."

पंतांनी अर्ध्या वड्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी खाल्लेलं तुमच्या जगदेवरावांना पोचतं का, मला ठाऊक नाही. पण पोचत असेल, तर इतकी वर्षं माझी भूकच पोचली असेल. आज मात्र ते भरल्या पोटी गेले."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले, अर्पितसमोर, पंतांसमोर, कोणाची भीड न ठेवता. पंत पाटावरून उठले नाहीत. बऱ्याच वेळाने अर्पित पान उचलायला वाकला. खीर होती, पुरी होती, साडेतीन वडे होते. दर वर्षी मी त्याला थांबवते, अजून एक वाढू दे म्हणते.

या वेळी मी त्याला पान उचलू दिलं.