हर्णैच्या कौलांवर जायचे दात

नसीम गेल्याचं मला पालकांच्या ग्रुपवर कळलं, माझ्या लेकीच्या, ईराच्या शाळेच्या बसची वाट बघत फाटकाशी उभी असताना. हार्ट अटॅक. वय त्रेपन्न. दफन रियाधमध्येच झालं. आम्ही बायका काही कब्रस्तानात गेलो नाही, त्यामुळे ती गेली असं मला अजून धड वाटतच नाही.

ती दातांची डॉक्टर, मूळची हर्णैची. आमच्या मुलांच्या शाळेत दर सत्राला दात तपासायला यायची, आपणहून. आपल्याकडे दुधाचा दात पडला की कौलांवर टाकतात ना? इथं चौथ्या मजल्यावर कुठली आलीत कौलं! मग नसीमनंच तोड काढली. पडलेला दात मुलांनी तिला द्यायचा. ती नाव लिहून पाकिटात घालायची आणि सुट्टीत गावी गेली की आपल्या घराच्या कौलांवर टाकायची. अट एकच. "किडका दात मी नेणार नाही हां. आमच्या घराला लाज आहे!" झालं! चॉकलेट खाऊन तशीच झोपणारी कार्टी दोन-दोनदा ब्रश करायला लागली. मी तिला चिडवायची, "बाई, हा धाक झाला, शिक्षण नव्हे." ती हसायची. "तुझं लेक्चर ऐकून कुणी ब्रश केलाय का आजवर?"

ती गेल्यावर आठवड्याभरानं तिच्या मिस्टरांनी खजुराचा एक डबा माझ्या हाती दिला. "ताई, हा तुम्ही न्या. मला घरात ठेववत नाही." आत त्या वर्षीचे दात होते. मी तो बेडरूमच्या कपाटात ठेवला. एसी सुरू झाला की आत बारीक कटकट वाजायची... मी भुताखेतांना मानणारी बाई नव्हे, पण त्या कपाटाकडे पाठ करून बसेनाशी झाले.

इकडे ईराचा वरचा डावा दात हलायला लागला आणि तिनं तोंडच मिटलं. ब्रश नाही, चावणं नाही, नुसता दूधभात. "मम्मा, अब कौन लेके जाएगा? नया नहीं आएगा." सात वर्षांचं पोर ते! हिरडी सुजली, तोंडाला वास यायला लागला, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं नाव काढलं की किंचाळायची. माझा जीव टांगणीला लागला. नवव्या दिवशी मी डबा काढून तिच्यासमोर उपडा केला. म्हटलं, बघ, हे सगळे मी नेईन, तुझासुद्धा.

बरीच पाकिटं भरलेली होती. तळाची काही रिकामी, पण नावं घातलेली... नसीमच्याच अक्षरात. ईरानं त्यातलं एक उचललं. 'ईरा, दुसरी ब. वरचा, डावा.' तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम विचारलं होतं. हिचा अजून एकही हलत नाही, असं नसीमच म्हणाली होती. मग नेमका हाच दात तिनं लिहिला कसा? ईराला मात्र काहीच नवल वाटलं नाही.

"मॅम को पता था," एवढंच म्हणाली. उठून बेसिनपाशी गेली, नीट ब्रश केला, चूळ भरली आणि आरशासमोर आ करून उभी राहिली. कुणी एकेक दात मोजत असावं, तशी बराच वेळ... मग तोंड मिटून म्हणाली, "थँक्यू, मॅम."

मी तिच्या मागेच उभी होते. आरशात आम्ही दोघीच. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? तरी तोंडातून निघून गेलंच, "नसीम, आता सगळे स्वच्छ आहेत ना गं?"