मलप्पाच्या नावाची टाकी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात जळकोटजवळच्या एका वाडीत बसम्माच्या बोअरला पार खोलात पाणी लागलं. गावातले बाकीचे बोअर नुसता फुफाटा उडवत होते. नवरा मलप्पा नुकताच वारलेला. बाईनं वेशीजवळ टाकी बांधली, तिच्यावर त्याचं नाव रंगवून घेतलं आणि नळ गावाला मोकळा केला. एरवी ही बाई चिमूटभर मीठ उसनं द्यायची नाही, पण पाण्यापाशी तिचा हात सैल होता.

पुढं पाण्याची तपासणी झाली. तपासणारे म्हणाले, खोल खडकातलं युरेनियम पाण्यात उतरलंय. चव नाही, वास नाही, उकळून जात नाही. पीत राहिलं तर मूत्रपिंडं हळूहळू बिघडू शकतात. धुण्याभांड्याला वापरा, प्यायला नको.

गावाला हसू आलं. "उदगीरचा जिल्हा होईना, अन् आपल्या वाडीत बॉम्ब व्हायलाय!" दुकानदार पंढरी म्हणाला. घराजवळचा नळ सोडून टँकरच्या रांगेत कोण उभं राहणार? बसम्मानं मात्र टाकीपाशी ठाण मांडलं. घागर दिसली की ती हाकलायची. ज्यांना बोलावून पाणी दिलं, तीच माणसं तिला चिक्कू म्हणू लागली. तिला ते फार लागलं, पण ती हलली नाही.

एके दिवशी शेजारची कमरुन्निसा भांडायलाच आली.

"अक्का, आम्हाला न्हाई म्हणताव, अन् रोज सकाळी लिंगाला ह्याच नळाचं पाणी घालताव. तेच तीर्थ पिताव. आम्ही काय आंधळे हाव?"

गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवायचं, मलप्पाच्या नळाचं पाणी घालायचं आणि ते तीर्थ घ्यायचं, एवढाच नवऱ्याचा सहवास बसम्माला उरला होता. घोटभर पाण्यानं काय होतंय, अशी ती मनाची समजूत घालत आली होती. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशा माणसाचं कोण ऐकणार?

दुपारी तिनं टाकीवर 'पिऊ नका'ची खूण करायला पंढरीच्या दुकानातून लाल रंगाचा डबा घेतला. पंढरी मागोमाग धावत आला.

"काकू, नाव झाकलं जाईल की! बाजूला मारा."

"त्या नावाच्या भरवशावरच लोक पाणी पितेत रे," ती म्हणाली आणि पहिल्या अक्षरावरच ब्रश टेकवला. डोळे भरून आले होते. ते पुसायला ती थांबली नाही. टाकी पुरती लाल झाली तेव्हाच तिनं ब्रश खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. रांगेच्या शेवटी बसम्मा उभी, हातात तांब्या. पूजा राहिलेली, म्हणून पोटात अन्नाचा कण नाही. तिची पाळी येईतो टँकर रिकामा झाला. पुढं उभ्या कमरुन्निसानं वळून पाहिलं आणि आपली भरलेली घागर तांब्याजवळ आणली. मग मध्येच थांबली.

"आमच्या घागरीतलं तुमच्या देवाला चालतंय का, अक्का?"

"प्यायजोगं हाय न्हवं?" बसम्मानं तांब्या पुढं केला. "मग ओत."