लाईन गेली तरी

आमच्या घरात वीज जाण्यासाठी तीन शब्द आहेत. नवरा पुण्याचा, त्याची लाईट जाते. आई नागपूरची, तिची लाईन जाते. मी अमेरिकेत बॉथेलला आल्यापासून ऑफिसातल्यांसारखी पॉवर गेली म्हणायला लागले. मागच्या नोव्हेंबरात वादळी वारं सुटलं, कुठेतरी तारांवर झाड पडलं आणि तिन्ही एकदम गेल्या.

मी मुळीच घाबरले नाही. उलट शेजाऱ्यांची कीव केली. आई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिला मी ऐटीत सांगितलं, "काळजी नको, आपलं हीटिंग गॅसवर आहे." गॅस म्हणजे सिलिंडर, आणि लाईट असो नसो, काडी ओढली की तो पेटणारच, हे आम्हां नवरा-बायकोच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. घरात दोन इंजिनिअर, पण एकालाही सुचलं नाही की गॅसने तापलेली हवा खोल्याखोल्यांत ढकलायला पंखा लागतो, आणि पंखा विजेवर चालतो. दुपारपर्यंत घर गारठलं.

वीज दोन दिवसांनी आली. तोवर आईने दारात उभ्या असलेल्या गाडीत संसार थाटला होता. कानटोपी घालून ती गरम सीटवर बसून राहिली, मेथीची जुडीसुद्धा तिने तिथेच निवडली. परत जाताना एवढंच म्हणाली, "मी काही आता हिवाळ्यात येत नाही, बाई."

आणि या वर्षी मला दिवस गेले. तारीख जानेवारीची.

"पहिलं बाळंतपण माहेरी असते. तू इकडे ये," आई फोनवर म्हणाली. माझी डॉक्टर इथे, नोकरी इथे, नवरा इथे. मी कशी जाणार? पण स्पष्टच सांगते, मला आई हवी होती. पुस्तकं, क्लास, नर्सची हेल्पलाईन, सगळं होतं, तरी मला आईच हवी होती. मी रडले तेव्हा ती विरघळली. "बरं, येते. पण शेगडी घेऊन येते. कोळसे तिकडे भेटतात ना?"

ओल्या बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. लाईन गेली तर तेवढाच आधार, असा तिचा हिशेब.

"आई, इथली घरं डब्यासारखी बंद असतात. कोळशाचा विषारी वायू कोंडतो. त्याला वासही येत नाही. माणसं झोपेतच जातात!"

"काय सांगून राहिली तू मला? तू शेगडीवरच शेकून मोठी झाली ना? मेली काय?"

"तिथे खिडक्या उघड्या होत्या!" मी ओरडले आणि फोन बंद केला. माझं डोकं असंच तडकतं. तासाभराने तिचाच फोन आला. आवाज शांत. "शेगडी नाही आणत. पण लाईन गेली तरी विझत नाही असा विस्तव मला डोळ्यांनी दाखव. मग तिकीट काढते."

झालं, माझ्या अंगात वारंच भरलं! उठता-बसता तोच विषय. नवऱ्याने लगेच एक्सेलची शीट उघडली. त्याचा जीव जनरेटरवर. तो घरापासून लांब, उघड्यावर ठेवायचा आणि त्यात पेट्रोल ओतत राहायचं. "आणि तू ऑफिसच्या ट्रिपवर असलास तर? मी ओली बाळंतीण बर्फात जाऊन पेट्रोल ओतू?" मी विचारलं. त्याने ती ओळ गुपचूप खोडली. मला लाकडाची शेगडी हवी होती, लोखंडी, काळीभोर, धुराड्याची. मी तर पडद्यांचे रंगही ठरवून टाकले. पण आमच्या भागात आठ महिने सगळं ओलंचिंब. "वाळकी लाकडं ठेवायची कुठे? आणि धूर?" नवऱ्याने विचारलं. चिडून मी शीटमधली तीही ओळ खोडली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, शेगड्या-फायरप्लेसचं दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात हजर. पँटला गॅलिसचे पट्टे लावलेले, पांढऱ्या दाढीचे आजोबा दुकान सांभाळत होते. मी त्यांना आईची अट सांगितली. ते हसले नाहीत. आम्हाला भिंतीत बसवलेल्या एका गॅसच्या फायरप्लेसपुढे घेऊन गेले. पुढे घट्ट काच, धूर पाईपने थेट भिंतीबाहेर. आत खाली एक इवलीशी निळी ज्योत कायम तेवत होती. त्या ज्योतीच्या उष्णतेतूनच चिमूटभर वीज तयार होते आणि गॅसची झडप उघडी राहते, बाहेरची वीज लागतच नाही, असं त्यांनी समजावलं. मी टाळ्याच वाजवल्या! नवऱ्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला. तो खाली वाकून झडप बघू लागला.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीची जेवणं आटोपली होती. ज्योत दाखवल्यावर ती म्हणाली, "हा तर नंदादीप झाला!" मग लगेच, "पण लाईन बंद करून दाखवायला सांग त्यांना."

मी भाषांतर केलं. आजोबा मागे गेले आणि त्यांनी त्या भागाचा मेन स्विचच पाडला. वरचे दिवे गेले, फायरप्लेसची ऊब लांब फेकणारा जादाचा पंखा थांबला. जाळ मात्र तसाच राहिला, उबही. मी तळवे पुढे धरले. "आई, बघ! बघ ना!"

माझ्या फोनवर काळोख. फोन कटला असं समजून मी ओरडले, "आई?"

"आहे, आहे. इकडची लाईन गेली," ती म्हणाली. मोबाइलच्या डेटावर बोलत होती म्हणून आवाज टिकला होता. "तिकडचा विस्तव आहे काय अजून?"

मी फोन काचेच्या अगदी जवळ नेला. "दिसतोय?"

"दिसून राहिला."

आमच्या जाळाचा पिवळा उजेड तिच्या हातातल्या फोनमधून तिच्या चेहऱ्यावर पडला होता. कपाळ, चष्मा, मग हळूहळू हसणं दिसलं.

"तसाच धरून ठेव," आई म्हणाली. "या उजेडात कपाटातून पासपोर्ट काढते."