काळी पिशवी आणि मेणाचे दात

कवळीबाईला पिशवी या प्रकाराचीच किळस आली होती. कुणी नवीन पिशवी दाखवली तरी तिचं नाक आपोआप मुरडायचं.

गल्लीत तिला कवळीबाई म्हणायचे, कारण ती म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या बनवायची. दाताचा डॉक्टर तोंडाचं माप घेणार, मग ही प्लास्टरच्या साच्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवणार. डॉक्टर ती मेणाची कवळी तोंडात लावून बघायचा आणि त्याने ठीक म्हटलं की मेणाच्या जागी पक्की कवळी व्हायची. मेणातल्या हिरड्यांचं बारीक कोरीवकाम ती घरी करायची. ती ज्या कवळ्यांच्या कारखान्यात कामाला होती, तिथल्या घासायच्या यंत्रांची धूळ आणि मालकाची अखंड बडबड, दोन्ही तिच्या डोक्यात जायचं. ही घरी काम करायची मुभा मालकाने एकट्या तिलाच दिली होती, तीही कुरकुरत. त्यामुळे सायकलवरून जाता-येता तिच्यासोबत कुणाचे तरी दात असायचेच.

आता हे दात न्यायचे कशातून? पाठीवरची सॅक घेतली, तर पंधरा मिनिटांत कुडता पाठीला चिकटायचा आणि संध्याकाळपर्यंत पट्ट्यांना असा आंबूस वास यायचा की स्वतःलाच नकोसं व्हावं. पुढे बास्केट लावली, तर एका खड्ड्यात साच्याचा कोपराच उडाला. नणंदेने मोठ्या प्रेमाने दोन्हीकडे लोंबणारी जोडपिशवी शिवून दिली. ती इतकी ऐसपैस होती की पायडल मारताना दर खेपेला टाच आपटायची आणि आत कुणाचा तरी जबडा खडखडायचा. शेवटी ती दुकानात गेली. दुकानदाराने तोंडातलं चघळत अकरा पिशव्या दाखवल्या, प्रत्येकीची जन्मभराची हमी दिली आणि प्रत्येकीवर थुंकीचे शिंतोडे उडवले. त्यातल्या त्यात कोरडी राहिलेली एक तिने घेतली. काळी, जाड, कॅरियरला घट्ट बसणारी, पाण्यात बुडवली तरी आत थेंब जाणार नाही अशी. घरी आल्यावर साबणाने दोनदा धुतली. नवऱ्याने वाहवा केली, नणंदेने तोंड फुगवलं. मालक म्हणाला, चला, एकदाचा डोक्याचा ताप गेला.

पाणी आत गेलं नाहीच. ऊन मात्र गेलं.

एका आजींची मेणाची कवळी डॉक्टरने आदल्या दिवशी लावून बघितली होती, अगदी चपखल बसली होती. हिने रात्री कोरीवकाम उरकलं आणि सकाळी निघाली. वाटेत विजेच्या ऑफिसात मीटरची तक्रार द्यायला थांबली, रांग हलता हलेना, आणि सायकल तासभर भर उन्हात उभी. कारखान्यात झाकण उघडलं तर मेण लोण्यासारखं मऊ आणि खालच्या दातांची ओळ एका अंगाला सरकलेली. अशा वेळी कवळी परत तोंडात लावून बघायची, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण मग मालकाला कळणार आणि घरचं काम बंद होणार. तिने इकडेतिकडे बघितलं. पंचवीस वर्षांचा हात आहे माझा, असं मनाशी म्हणत अंगठ्याने दात अंदाजाने जागेवर दाबले. संध्याकाळी कवळी पक्की झाली.

तीन आठवड्यांनी डॉक्टरने तिला दवाखान्यात बोलावून घेतलं. आजी खुर्चीत बसल्या होत्या. सुनेनेच त्यांना ओढून आणलं होतं, कारण त्या दिवसेंदिवस खंगत चालल्या होत्या. मेणाची बरोबर बसली आणि पक्की बसत नाही, हे कसं काय, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होता. आजीच बिचाऱ्या ओशाळल्यासारख्या झाल्या होत्या. म्हणाल्या, माझंच तोंड मेलं वाकडं, तुम्हा सगळ्यांना उगाच त्रास.

ते ऐकलं आणि कवळीबाईला स्वतःचीच शिसारी आली. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिच्याने गप्प राहवेना.

"आजी, तुमचं तोंड चांगलं आहे," ती म्हणाली. "मेण उन्हात वितळलं होतं. दात मी अंदाजाने बसवले आणि कुणाला सांगितलं नाही."

सून काही बोलणार होती, आजींनी हाताने तिला थांबवलं. त्यांनी कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली. दातांवाचून शब्द फसफसत होते, तरी प्रत्येक शब्द कळला.

"घास तोंडातून ओघळायचा. तीन आठवडे मी भिंतीकडे तोंड करून जेवले. नातवंडांना किळस येईल म्हणून."

कवळीबाईने माफी मागितली. आजींनी ती ऐकून घेतली, मान मागे टेकवली आणि डॉक्टरला म्हणाल्या, "माप पुन्हा घ्या. पण दात हिच्याकडून नको."